कृपया येण्यापूर्वी कळवावे

प्रति,
मा. अग्निदेव,
मुक्काम सर्वत्र.

विषय : आमच्या गावी येण्याची आगाऊ सूचना देण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती की, आमच्याकडे येताना आपण किमान एक आर्थिक वर्ष आधी लेखी कळवावे. आपल्या अचानक येण्याने नगरपरिषदेची फार पंचाईत होते. नव्या अग्निशमन बंबाचा प्रस्ताव वेळेत टेबलावर आला, तर फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात बसतो. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर निविदा. एकच निविदाकार आला की फेरनिविदा. शिवाय बंब काही शोरूममध्ये तयार उभा नसतो. आधी चासी घ्यायची, मग तिच्यावर टाकी, पंप आणि बॉडी बांधून घ्यायची, मग आरटीओ. एवढं सुरळीत पार पडलं, तर त्यापुढच्या दिवाळीत आपण खुशाल यावं. फटाक्यांची दुकानं बाजारपेठेतच असतात, पत्ता शोधावा लागणार नाही.

आपल्याला ही पंचाईत समजणार नाही. खांडववन जाळायचं होतं तेव्हा अर्जुनाने साजेसं धनुष्य आणि रथ नसल्याचं सांगितलं, आणि आपण वरुणाकडून दोन्ही मिळवून दिलं. वर अक्षय भाते. तुलनात्मक तक्ता नाही, लेखापरीक्षकांचा आक्षेप नाही. सामान आधी आलं आणि आग नंतर लागली. आमच्याकडे क्रम उलटा आहे.

सध्याचा बंब पंधरा वर्षांचा झाला. केंद्राच्या नियमाप्रमाणे 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांना. बंब फारसा धावलेला नाही, उभ्या उभ्याच म्हातारा झाला, अशी हळहळ व्यक्त होते. माझ्या मते ती व्यर्थ आहे. टाकी उभ्या गाडीतही गंजते आणि पंपाची रबरी सीलं न वापरताही वाळतात. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नगराध्यक्षांनी बंबापुढे नारळ फोडला, त्या दिवसापासून तो कधीतरी बदलावा लागणार हे ठाऊकच होतं. समजा, बंब 60 लाखांचा. 15 वर्षांत वर्षाला 4 लाख बाजूला टाकले, महागाईसाठी आणखी लाखभर, तर नवा बंब रोखीने येतो. गल्लीतल्या बायका भिशीत हेच करतात आणि त्यासाठी मंत्रालयात खेपा घालत नाहीत. नगरपरिषदेच्या हिशेबात घसारा दाखवतात, नाही असं नाही. पण तो ताळेबंदातच राहतो. त्याच्या नावाने बँकेत रुपया पडत नाही.

पैसा येतच नाही, हेही खरं नाही. आमच्या घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कराचा रकाना आहे. 2006 च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याखाली बांधकाम परवानगीबरोबर अग्निशमन सेवा शुल्क वसूल होतं. केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी 5000 कोटींची योजना काढली. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांनी 25 टक्के हिस्सा घालायचा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे काम नगरपालिकांच्या यादीत आहेच. आमच्या गावचं शुल्क सगळ्या जमेत मिसळतं आणि पुढे स्वागत कमान होऊन बाहेर पडतं. कमान दगडी असल्याने आपल्याला तिचा उपयोग नाही.

आणि नुसता बंब घेऊनही भागत नाही, हे आपण जाणताच. 4500 लिटरची टाकी आणि मिनिटाला 2250 लिटर फेकणारा पंप असेल, तर पूर्ण दाबाने दोन मिनिटांत टाकी रिकामी. मग हायड्रंट लागतो. आमचे हायड्रंट नव्या डांबराखाली सुरक्षित आहेत. तोवर एमआयडीसीचा बंब मागवतो. वाटेत रेल्वे फाटक लागतं.

जिल्हा नियोजनाचा न खर्चलेला निधी 31 मार्चला परत जातो आणि 14 एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. 1944 साली त्या तारखेला मुंबईच्या गोदीत स्फोट झाले आणि 66 अग्निशमन जवान गेले. त्यांना आम्ही त्याच जुन्या बंबाला हार घालून मानवंदना देतो. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत 10 नवजात बालकं गेली, तेव्हा राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयात आगीत 11 रुग्ण गेले. इथे उपरोध चालत नाही, म्हणून पुढे जातो.

आपण आगाऊ कळवणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून या पत्राची प्रत गावातल्या प्रत्येक घरपट्टीदाराला देत आहे. त्यांना विनंती : येत्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची प्रत मागून घ्या. त्यात ‘अग्निशमन वाहन बदली निधी’ असं शीर्ष आहे का आणि त्यापुढे शून्याशिवाय काही लिहिलं आहे का, एवढंच पाहा. नसेल, तर मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

आपला,
एक घरपट्टीदार