हे चांगलं पेटेल

वणव्यामुळे घर सोडून पळायची वेळ आली तर काय उचलायचं, याचे कॅलिफोर्नियात सहा ‘पी’ सांगतात: पीपल, पेपर्स, प्रिस्क्रिप्शन्स, पिक्चर्स, पर्सनल कम्प्युटर आणि प्लास्टिक, म्हणजे क्रेडिट कार्डं. मराठी घरात ‘प’ इतक्यावर आटपत नाही. आमच्या हिने पोळपाट, पापड, पैठणी आणि पुरणयंत्र वाढवलं.

“पुरणयंत्र? छावणीत काय होळी करणार आहेस?”

“होळी झालेलीच असेल. नैवेद्य तेवढा राहील.”

‘पेपर्स’वरून तर जुंपलीच. ती पासपोर्ट म्हणत होती, मी माझ्या लेखांची कात्रणं. ‘पिक्चर्स’मध्ये मी शाल-श्रीफळाचा फोटो सगळ्यात वर ठेवला होता, तिथे आता लग्नाचा अल्बम आहे. त्यात मी कुठेच बरा दिसत नाही, पण त्यावर चर्चा नको.

बाकीची तयारी मुकाट झाली. घर पेटतं ते बहुधा वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी, म्हणून भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काही नको. काथ्याचं पायपुसणं, सुकलेलं तोरण, कुंडीतला पालापाचोळा, सगळं हद्दपार. ओकलंडच्या टेकडीवर कुणी कुरकुर करत नाही. ऑक्टोबर 1991मध्ये इथे 25 माणसं आणि तीन हजारांच्या आसपास घरं गेली.

मग अग्निशमन दलाचा माणूस पाहणीला आला. गॅरेजात माझ्या ललितसंग्रहाच्या न खपलेल्या प्रतींचे खोके रचलेले. पाहुण्यांना मी तो ‘दुसऱ्या आवृत्तीचा साठा’ सांगतो. त्याने एक प्रत चाळली आणि म्हणाला, “हे चांगलं पेटेल.” माझ्या लेखनावर इतकं ठाम मत अजून एकाही समीक्षकाने दिलेलं नाही.

2017च्या आगींत वीज गेली आणि काहींना गॅरेजचं दारच उघडता आलं नाही. त्यानंतर दाराच्या नव्या यंत्राला बॅटरी हवीच, असा इथे कायदा झाला. आमचं यंत्र त्याआधीचं. दोरी ओढून दार हाताने उचलायचं. दिवसा घरी ही आणि आई, दोघीच. हिने करून बघायचं ठरवलं, तर दोरीखाली उभं राहायला जागा नाही. तिथे माझं साहित्य.

आई सांगलीची, 2019चा महापूर पाहिलेली. गोळ्या, चष्मा, दोन साड्या घातलेली तिची पिशवी केव्हाच दाराशी होती. “पाणी निदान पायरी पायरीने चढतं रे,” ती म्हणाली. “हे धावत येतं. माझ्यासाठी थांबू नका.”

2018च्या आगीत पॅरडाइज गावात आणि आसपास 85 माणसं गेली, बहुतेक आईसारखी म्हातारी. मला काही विनोद सुचेना. मी खोके उचलायला लागलो.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्या प्रती वाटून टाकल्या. एक काका पाकीट काढत म्हणाले, “किती द्यायचे?”

“काही नको, काका. फक्त भिंतीपासून पाच फूट लांब ठेवा.”