कात्री भाषणांना लावा

गावात 'संगीत संशयकल्लोळ'चा प्रयोग लावलात, त्याबद्दल आधी हात जोडून आभार. आता भांडतो.

भांडण नटांशी नाही. तालुक्याच्या गावी संगीत नाटक उभे करणाऱ्या हौशी मंडळींपुढे मी कायम नमतो. बँकेतला कॅशियर अश्विनशेठ होतो, प्राथमिक शाळेतल्या बाई रेवती होतात, किराणा दुकानातला पोरगा भादव्या होतो. रात्रीची जेवणे उरकून शाळेच्या वर्गात तालमी चालतात. बाके भिंतीला लावून जागा करायची, फळ्यावर दिवसाची गणिते तशीच, कोपऱ्यात पेटीवाला आणि तबलजी. घरी तापलेले मूल ठेवून आलेली कृत्तिका संवाद म्हणते आणि मध्येच फोन बघते. महिनोन्‌महिने हे चालते, आणि मानधन म्हणून काही मिळालेच तर ते टेम्पोच्या भाड्यात जाते. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत रत्नागिरी, सांगली, गोवा इथून येणाऱ्या संस्था याच मातीतल्या. ही माणसे नसती तर 'संशयकल्लोळ'चे नाटककार देवल आज फक्त परीक्षेच्या टिपांत उरले असते.

आणि यांच्याच प्रयोगाच्या दिवशी काय होते ते बघा. वेळ सातची. पाहुणे साडेसातला. मग दीपप्रज्वलन. मग प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, मनोगत, दुसरे मनोगत, अध्यक्षीय भाषण, आणि आभार मानणाऱ्याचेही भाषण. घड्याळात पावणेनऊ. विंगेत रंग लावून उभी असलेली रेवती घामाने पुसट झालेली, ऑर्गनवाला बोटे मोडत बसलेला. जत्रेच्या मांडवात प्रयोग असेल तर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी घातली आहे आणि वर्षातले मोजके दिवस ती बारापर्यंत सैल होते. नियम योग्य आहे. गावात आजारी माणसे असतात, परीक्षेची पोरे असतात. नाट्यगृहात प्रयोग असेल तर तिथले सत्र संपते आणि पहारेकरी किल्ल्या घेऊन दारात उभा राहतो. मग आयोजकांचा माणूस विंगेत येऊन दिग्दर्शकाच्या कानाला लागतो, "जरा आटोपतं घ्या."

आटोपते घ्या म्हणजे देवल कापा. भाषणांनी खाल्लेला वेळ नाटकाने भरून द्यायचा. पदे कापता येत नाहीत, कारण लोक पदांची वाट बघत बसलेले असतात. म्हणून गद्य कापतात. फाल्गुनराव-कृत्तिकेचा एक प्रवेश निम्मा होतो, रेवतीची वाक्ये गळतात, वैशाखशेठ येतो तसाच जातो. पडदा पडतो तेव्हा प्रेक्षकाने वेशभूषेसकट नाट्यगीतांची मैफल ऐकलेली असते. ती चांगलीही झालेली असते. पण नाटक झालेले नसते.

या नाटकात गद्य हाच कणा आहे, हे जन्मकुंडलीच सांगते. मूळ कल्पना मोलिएरची, १६६० सालच्या 'स्गानारेल' या प्रहसनातली. तिच्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' लिहिले. ते देवलांच्या हाती आले आणि १८९३ मध्ये त्याचे 'फाल्गुनराव' झाले, तेव्हा त्यात एकही पद नव्हते. २३ वर्षे हे नाटक पदांवाचूनच होते. पुढे देवलांनी स्वतः पदे घातली, आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने संगीत रूपात ते रंगभूमीवर आणले. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव गणपतराव बोडसांचे. प्रयोग बघायला देवल नव्हते, जूनमध्येच ते गेले. सांगलीजवळच्या हरिपूरचा हा माणूस नुसता लेखक नव्हता, नटांना तालीम देणारा मास्तर होता. वाक्य कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, कुणाकडे बघून बोलायचे हे तो नटाच्या अंगात मुरवून घ्यायचा. अशा माणसाच्या गद्यातले एक वाक्य काढले की पुढच्या तीन वाक्यांतले हसू जाते.

कथानकातच बघा. रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव सावरायला धावतात. तिच्याजवळची, तिच्या प्रियकराची म्हणजे अश्विनशेठची तसबीर खाली पडते आणि ती नेमकी फाल्गुनरावांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते. बस्स. एका पडलेल्या वस्तूतून फाल्गुनरावांना बायकोचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा, अश्विनशेठला रेवतीचा, रेवतीला अश्विनशेठचा. प्रत्येकाकडे पुरावा आहे, प्रत्येकाचा पुरावा खरा आहे आणि प्रत्येकाचा निष्कर्ष चूक आहे. हे बांधकाम इतके घट्ट आहे की तसबीर या क्षणी कुणाच्या हातात आहे हे प्रेक्षकाला सतत माहीत असावे लागते. मधला प्रवेश गाळला की तसबीर एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली तेच कळत नाही, आणि मागच्या रांगेतली बाई शेजारणीला विचारते, "हा का चिडला?"

एका छोट्या गावच्या प्रयोगात फाल्गुनराव करणाऱ्या गृहस्थांनी ती तसबीर कशी घेतली ते सांगतो. आधी हात लांब करून दूर धरली, चाळिशी लागलेला माणूस धरतो तशी. नीट दिसेना म्हणून जवळ आणली. मग तिच्या वरच्या कडेवरून, डोळे तेवढे बाहेर काढून, बायकोकडे बघितले. तोंडातून शब्द नाही. कृत्तिका पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, ती थांबली. नाट्यगृह हसायला लागले ते पहिला शब्द यायच्या आधी. या गृहस्थांना गाता येत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. फाल्गुनराव उभे राहतात ते बोलण्यावर. त्या रात्री त्यांचा पुढचा प्रवेश वेळेअभावी अर्धा झाला. ज्यांच्या भाषणामुळे झाला, ते तोवर निघून गेले होते.

दुसरी कापाकापी याहून वाईट, कारण ती ठरवून होते. रेवती कोण आहे ते पुसून टाकतात. ती नायकिणीच्या घरची मुलगी आहे. तिला लग्न करायचे आहे, घर करायचे आहे, आणि अश्विनशेठसारख्या श्रीमंत तरुणाने तिला तसे वचन दिले आहे. एक तसबीर नको त्या हातात दिसली, आणि हा प्रेमिक तिच्याबद्दल वाटेल ते खरे मानायला तयार होतो. इतक्या लवकर का? कारण तिचे घराणे त्याच्या डोक्यात बसलेले आहे. वरवर कितीही पुढारलेला असला, तरी संशयाची ठिणगी पडली की त्याला प्रथम आठवते ती तिची जात आणि तिच्या घरचा धंदा. कुलीन घरच्या कृत्तिकेवर संशय घेतला तर भांडण होते. रेवतीवर घेतला तर तिचे सगळे आयुष्य पणाला लागते. एकाच रंगमंचावर दोन संशय, आणि दोघींना पडणारी किंमत वेगळी. 'शारदा'मध्ये जरठ-कुमारी विवाहावर लिहिणाऱ्या देवलांनी इथे विनोदाच्या पोटात हे ठेवले आहे. आता अवघड वाटते, लहान मुले असतात, प्रायोजक काय म्हणतील, असे म्हणून रेवती नुसती नऊवारीतली गोड मुलगी करतात. मग ती रागावते कशासाठी, अश्विनशेठ पस्तावतो कशासाठी, आणि शेवटी दोघे एकत्र आल्यावर आपल्याला हायसे का वाटावे? धोका काढून टाकलात, आता प्रेमकथेत उरले काय?

आणि कापून झालेल्या जागेत भरतात काय? भादव्याच्या तोंडी व्हॉट्सअ‍ॅपचे विनोद. एका मंडळीने तर तसबिरीच्या जागी मोबाईल आणला. तरुण प्रेक्षकांना जवळचे वाटावे, हा हेतू चांगला होता. पण मोबाईलमधला फोटो एका क्षणात दहा जणांकडे जातो आणि पाठवणाऱ्याकडेही राहतो. तसबीर एकच असते. ती कृत्तिकेकडे आहे याचा अर्थ रेवतीकडे नाही, आणि 'नाही' यावरच अश्विनशेठचा सगळा त्रागा उभा आहे. वस्तू हरवण्याची सोय काढून घेतली की संशयाला जागाच राहत नाही. तरुण पोरांना जुना काळ कळत नाही ही समजूत खोटी आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलेसुद्धा कृत्तिकेच्या भांडणाला खळखळून हसतात. त्यांच्या घरात ते भांडण चालू असते.

गाणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे, प्रेमानेच. अश्विनशेठ चिडून गातो तेव्हा त्याला चिडलेलेच राहू द्या. दहा मिनिटे आलाप-ताना झाल्या, टाळ्या झाल्या, नमस्कार झाला, की राग निवतो आणि समोरची रेवती हात बांधून उभ्या-उभ्या अवघडते. पद तीन-चार मिनिटांत संपले तर ते प्रवेशाला पुढे ढकलते. वन्समोअर आला तर जरूर द्या, लोकांचा तो हक्क आहे. न मागता देऊ नका. वाचलेली ती मिनिटे गद्याला मिळाली तर दोन प्रवेश सुखरूप राहतील.

ऑर्गनचे काय करणार आहात? बहुतेक ठिकाणी आता सिंथेसायझर असतो, कुठे कुठे चक्क रेकॉर्ड केलेला ट्रॅक. सिंथेसायझर मला चालतो, कारण त्यावर माणूस बसलेला असतो. ट्रॅक मात्र बंद करा. नायिका काळी चारमध्ये गाते, नायक काळी एकमध्ये. दोघांची पदे लागोपाठ आली की एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत अलगद नेणारा हात लागतो. नटाला वाक्य आठवेना, तो अडखळला, तर ऑर्गनवाला सुरांचा एक तुकडा वाढवून त्याला सावरतो, पायाने भाता हलता ठेवून डोळा नटाच्या ओठांवर ठेवतो. ट्रॅकला डोळे नाहीत. तो नटाला आपल्यामागून फरपटत नेतो, आणि हौशी नटाला नेमकी याच्या उलट साथ हवी असते. कोकणात आणि गोव्यात जुने ऑर्गन अजून जपलेले आहेत. तसा एक मिळवा, वाजवणारा बोलवा, त्याला भरपूर बिदागी द्या. पाहुण्यांच्या शालींचा खर्च त्याला सहज पुरेल.

तेव्हा आयोजन समितीच्या अध्यक्षांना विनंती, आणि ती पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्यावी. सातची वेळ म्हणजे सातला तिसरी घंटा आणि नांदी. उद्घाटन करायचेच असेल तर ते साडेसहाला, बाहेर, चहाच्या टेबलापाशी. भाषणे नकोत. संहितेला हात लावायचाच असेल तर दिग्दर्शकाला चार दिवस आधी विचारा, विंगेत ऐन वेळी निरोप पाठवू नका. आणि 'राखीव' असे कागद चिकटवलेल्या पहिल्या तीन रांगा, ज्या पहिल्या अंकानंतर रिकाम्या होतात, त्यांची तिकिटे विकायला काढा. मागे, खांबाआड, चटईवर बसून नाटक बघणारी माणसे पैसे मोजून तिथे बसायला तयार आहेत.