आमचा अकोला

त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं. १९७८ साली अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात आम्ही बी.ए.च्या पहिल्या वर्षाला जमलो, तेव्हा कोणी दर्यापूरचा, कोणी चांदूरचा, एक तर थेट धारणीचा. अकोल्याचा हा एकटाच, म्हणून आठवडाभरात तो ‘अकोला’ झाला. पुढे त्याची लग्नपत्रिका आली, तेव्हा आमच्यातल्या एकाने वरचं नाव वाचून विचारलं, ‘हा कोन बे?’

दोन गावांत अंतर शंभरेक किलोमीटरचं, पण चढाओढ जुनी. आमचं कॉलेज १९२३ सालचं, अंबादेवी त्याहून कितीतरी जुनी, असा आमचा तोरा. तो एकाच मुद्द्यावर अडून बसायचा. मुंबईची गाडी अकोल्याला थांबते. तुमच्या गावात तर येतच नाही, बडनेऱ्याहून परस्पर निघून जाते. एकदा आम्ही रुक्मिणीहरण काढलं. श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेलं ते आमच्या अंबादेवीच्या देवळातून. तो शांतपणे म्हणाला, ‘मंग काय करन थो? गाडीच नोयती ना गावात. रथ आना लागला बिचाऱ्याले.’

दुसऱ्या वर्षी तो नापास झाला. सांत्वनाला म्हणून आम्ही तोंडं पाडून खोलीवर गेलो, तर हा स्टोव्हला पिन मारत बसलेला. ‘सुरेश भट याच गावात बी.ए.ले दोनदा नापास झाले. तवा कुठी पंचावन्न साली पास झाले. मी तं एकदाच झालो.’ कविता मात्र त्याने जन्मात केली नाही.

त्याचे वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना आली आणि वऱ्हाडात ग्रेडर म्हणजे मोठा माणूस झाला. बैलगाड्यांची रांग लागायची आणि कुणाच्या पोरीचं लग्न यंदा होणार, कुणाचं पुढच्या साली, हे बाबांच्या दोन अंगठ्यांवर ठरायचं. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा ओढायचा. तंतू सरळ झाले की उजेडाकडे धरून त्यांची लांबी पाहायची. बाबा माणसंही तशीच पाहत.

संक्रांतीच्या सुमारास मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. ओसरीवर पेपर अंथरून त्यावर मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा ढीग ओतलेला, वाफ निघत होती. ‘घे ना बाबू, लाजतं कायले?’ असं म्हणत त्याची माय आणखी ओतत होती. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, ‘धागा आखूड हाये. पन कवडी नाई.’ कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. पदवीचं प्रमाणपत्र मी कुठे ठेवलंय ते आठवत नाही. हे मात्र पाठ आहे.

ही खोड लेकातही उतरली. त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर हा गादीच्या उसवलेल्या शिवणीतून चिमूट काढून ओढायला लागला. मुलीचे वडील शेतकरी. त्यांनी ते पाहिलं, आणि मग एच-फोर कपाशीवर दोघांचं तासभर चाललं. पोहे गार झाले. मुलीला काही विचारायचं राहूनच गेलं आणि लग्न ठरलं. वहिनी अजून सांगतात, ‘मले कुठी पायलं? गादीले पसंत केलं यायनं.’

पुढे तो अकोल्यातच शाळामास्तर झाला. न कळवता यायचा. सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा, तिथून बस, खांद्यावर घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी. एका दिवसात आम्हा चौघांची घरं तपासून संध्याकाळी परत. आमच्यातल्या दोघांचं एका प्लॉटवरून बिनसलं होतं, तीन वर्षं बोलणं बंद. त्या खेपेला त्याने दोघांसाठी मिळून पाच किलोची एकच पिशवी आणली आणि एकाच्या घरी ठेवून निघून गेला. ‘अर्धी अर्धी करा. समोर बसून मोजजा, मांगून कटकट नाई पायजे.’ त्या दोघांतला एक मी. तराजू शेजाऱ्याकडून आणला. डाळ मोजून झाली तरी आम्ही दिवेलागणीपर्यंत तिथेच बसलो होतो. प्लॉटचा विषय काही सुटला नाही, पण तो आता कोणी काढत नाही.

गेल्या मे महिन्यात तो गेला. तेरवीसाठी आम्ही तिघं आदल्या संध्याकाळी निघालो, अमरावतीहूनच सुटणाऱ्या मुंबईच्या गाडीने. हे त्याला ऐकवायचं राहिलं.

सकाळी फोटोपुढे दिवा लावायचा होता. कुणीतरी दुकानातून कापसाचा पुडा आणलेला. त्याची लेक वात वळायला बसली. तिने चिमूटभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला, खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग पुडा बाजूला सारून म्हणाली, ‘काका, हा नको. आतल्या खोलीत बाबांचा डबा हाये, त्यातला आना.’