उतरून करतो

तारापूर एमआयडीसीत ज्या प्लांटमध्ये पेट घेणारी सॉल्व्हंटं हाताळतात, तिथे साधा मोबाइल आत नेता येत नाही. हवेत वाफ असली की बारीकशी ठिणगीही पुरते. म्हणून फोन लॉकरमध्ये ठेवायचा आणि अख्खी शिफ्ट त्याच्याविना काढायची. साहेब असो की कंत्राटी कामगार, कुणी कुरकुरत नाही.

हीच शहाणी मंडळी सुट्टी झाल्यावर बोईसरला गाडी पकडतात आणि फोन पावासारखा तोंडासमोर आडवा धरून स्पीकरवर सुरू होतात. आवाज चढण्याला कारणही आहे. दिवसभर कॉम्प्रेसरच्या वरताण ओरडलेला घसा उमरोळी येईपर्यंत खाली कसा यावा? त्यात पलीकडे दूर गावातली आई, तिला ऐकू कमी येतं. तिच्या गुडघ्याची चौकशी कानावर पडली तर राग येत नाही. राग येतो रीलवाल्यांचा. एकच विनोद केळवे रोडपर्यंत अकरा वेळा हसतो, आपण एकदाही नाही.

एसटीडी बूथच्या काळात बोलायला काचेच्या पेटीत शिरावं लागे. समोर लाल आकडे पळत, त्यामुळे ‘बरे आहात ना, पैसे पाठवले, ठेवतो’ एवढ्यात संसार उरकत असे. १९९५ साली आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा तर आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये ते पडेनासे झाले आणि मितभाषी माणसंही दिसेनाशी झाली. त्यात २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, म्हणजे बोलायला रूळही लांबले. पालघरला मुलाचा पगार कळतो, सफाळ्याला मुलीकडच्यांची अट, आणि वैतरणेच्या पुलावर बोलणी फिसकटतात. तेवढ्यात खिडकीजवळच्या मावशी न राहवून म्हणतात, “अहो, सोन्याचं जरा कमी करा म्हणावं!” आता यात असभ्य कोण?

रेल्वेने २०२२ मध्ये रात्री दहानंतर फोनवर मोठ्याने बोलायला आणि हेडफोनशिवाय गाणी लावायला मनाई केली. झोपलेल्या माणसाची सोय झाली. संध्याकाळी लोंबकळत घरी जाणाऱ्या जाग्या माणसाची मात्र राहिली. बोलणाऱ्याचा पॅक अनलिमिटेड असतो. ऐकणाऱ्याचा विरारच्या आतच संपतो.

खरं तर ‘गाडीत आहे, उतरून करतो’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. मी तसं म्हणतोही. पण पलीकडून लगेच येतं, “बसायला जागा मिळाली ना? डबा खाल्लास का? भाजी खारट नव्हती ना झाली?” आणि आईला उत्तर न देता फोन ठेवणं आपल्याकडे कुठल्या सभ्यतेत बसतं?