कोपऱ्याची खिडकी

बाहेरचं बघायला खिडकी हवी असते, असं इंजिनिअर लोक समजतात. मला ती दिसण्यासाठी हवी होती. नांदेड रोडने जाणाऱ्याने मान वळवावी आणि काचेआड, जाडजूड पुस्तक घेऊन बसलेला मी त्याला दिसावा! म्हणून दोन भिंतींना वळसा घालणारी कोपऱ्याची खिडकी मी पुण्यात हेरून ठेवली होती.

"सर, हा पश्चिमेचा कोपरा. मे महिन्यात वाचणार का भाजणार? आणि आपल्या जिल्ह्यात कोपरा पोकळ ठेवू नये. हादरा बसला की आधी कोपरेच सुटतात." असं म्हणून इंजिनिअरने स्लायडिंग सुचवलं. म्हणजे एक काच दुसरीमागे लपणार. पैसे पूर्ण खिडकीचे, वारा अर्धीचा.

खरी खिडकी आजोबांच्या माळवदाला होती, तीही छतात. सवणं. हातभर जाड भिंतींना दुसरं भोकच नव्हतं. कवडसा सरकत उतरंडीला टेकला की आजी भाकरी थापायला घ्यायची. सवण्यातून धूर बाहेर जायचा आणि बातम्या आत यायच्या. माळवदं एकमेकांना लागून; शेजारची काकू वाळवण घालायला आली की वरून डोकावायची, "आज आमटी का?" फोडणीच्या वासावरून तिला कळलेलं असायचंच, विचारणं आपलं रीतीपुरतं. एकदा मांजर थेट पिठात उतरलं. पाऊस आला की सवण्यावर घमेलं पालथं घालायला मी पळायचो, आणि सगळं घर आपल्यामुळे कोरडं राहिलं अशा ऐटीत भिजून खाली यायचो.

आईपुढे मात्र माळवदाचं कौतुक चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात, गणपती बोळवून निजलेली किल्लारीकडची माणसं अशाच दगडमातीखाली गेली. आमच्याकडे नुसती भांडी वाजली. पण नव्या खोलीत गेली की आई अजून आधी दार कुठंय ते बघते, मग पाठ टेकते.

तिने ग्रीलवाल्याला सांगितलं, "जाळी उघडती कर. कडी आतून."

"मावशी, चोराचं फावंल की."

"चोर नेऊन नेऊन काय नेईल?" माझ्या पुस्तकांकडे बघत ती म्हणाली, "नेली तर जागा होईल."

बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांची साधी खिडकी बसली. कडी आईच्या हाताला येईल अशी. मला वाकावं लागतं.