ओवाळणी आणि देखरेख

आकांक्षित जिल्हा, म्हणजे विकासाच्या निर्देशांकांत मागे राहिल्यामुळे केंद्राने २०१८ साली विशेष लक्ष देण्यासाठी निवडलेला जिल्हा, हे बिरुद मिरवणाऱ्या वाशीममध्येही शासनाचे स्त्रियांवर अपार प्रेम आहे, हे मान्यच करावे लागते. मात्र ते बहिणीवर आहे, नागरिकावर नव्हे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर महायुती सरकारने ‘लाडकी बहीण’ योजना आणली आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये पडू लागले; पडताळणीची खरी आठवण भावाला झाली ती मतदान आटोपल्यावर. (घातलेली ओवाळणी पुन्हा तपासणारा भाऊ तसा विरळाच.) वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या याच बहिणीने परधर्मीय नवरा निवडला, तर काय करायचे, याची तजवीज आधीच झाली होती: १३ डिसेंबर २०२२च्या शासन निर्णयाने, म्हणजे सरकारच्या लेखी आदेशाने, महिला व बालविकास मंत्र्यांच्याच अध्यक्षतेखाली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली गेली. स्त्री-हक्क संघटनांनी हा निवडीच्या स्वातंत्र्यावरचा घाला असल्याचे सांगितले, चहूकडून टीका झाली, आणि काही दिवसांतच सरकारने उदार मनाने आंतरजातीय विवाह वगळले. आंतरधर्मीय विवाह समितीच्या कक्षेत तसेच राहिले.