उंटाला सांगा, हलू नकोस

जैसलमेरचा किल्ला पाहिला. 1156 सालचा, पिवळ्या दगडाचा, आत माणसं अजूनही राहतात. झालं किल्ल्याचं. मी आलो होतो एचडीआरसाठी, आणि बायको आली होती ते मी ट्रायपॉडसकट हरवू नये म्हणून.

जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर सम गावची वाळू. मावळत्या सूर्याकडे कॅमेरा धरला की पंचाईत होते: आकाश सांभाळावं तर वाळू काळीठिक्कर, वाळू सांभाळावी तर आकाश पांढरंफटक. म्हणून तीन फोटो काढायचे. एक बेताचा, एक दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव उजेडाचा, एक दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेडाचा. मग घरी कॉम्प्युटरवर तिघांची मोट बांधायची, हेच एचडीआर. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच गृहस्थाने 1850च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसरीवर घेऊन दोन्ही एकत्र छापले होते. त्याच्या समुद्रात उंट नव्हते, हे त्याचं नशीब.

"माझा मोबाइल हे आपणहून करतो," बायको म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

अट एकच: तिन्ही फोटोंत काही हलता कामा नये. हललेली वस्तू तीनदा उमटते. आणि सूर्यास्ताच्या वेळी समला न हलणारं काही असेल तर ती फक्त चहावाल्याची उधारीची पाटी. जीपगाड्या टेकाडांवरून उड्या मारत होत्या. ट्रायपॉड वाळूत खचत होता. तो जरा स्थिरावतोय तोच नाशिकचं एक कुटुंब चौकटीत शिरलं.

"मराठी का तुम्ही? मग आमचा एक काढा की!"

काढला. मग आजींचा वेगळा. मग आजी उंटावर. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, ही माहिती आजींना कुणीतरी वेळेवर द्यायला हवी होती. त्या थेट मानेवर घसरल्या, "अगं बाई गं!" अशी आरोळी वाळवंटभर गेली, आणि बिथरलेला उंट माझ्या चौकटीतून या टोकापासून त्या टोकाला निघाला. कॅमेरा तोवर आपलं काम इमानाने करत होता: खट, खट, खट. पुढे मोट बांधली तेव्हा बारा पायांचा उंट आणि वर ओरडणाऱ्या तीन आजी निघाल्या, एखाद्या उग्र देवीच्या कॅलेंडरसारख्या.

सूर्य टेकला. मी चिडलो होतो. वाळूवर, जीपवर, आख्ख्या नाशिक जिल्ह्यावर.

एक उंटवाला पोरगा मघापासून पाहत होता. काही न विचारता त्याने आपला उंट टेकाडाच्या कडेवर नेऊन बसवला, त्याच्या नाकाडावर हात ठेवला, कानाशी काहीतरी पुटपुटला. रवंथ थांबलं. खट, खट, खट. मी सांगितलं नव्हतं, तरी त्याने स्वतःचाही श्वास धरला होता. शेवटच्या खटक्यानंतर तो सोडल्याचं मला इथवर ऐकू आलं.

त्याला तिन्ही फोटो दाखवले. पाव उजेडाच्या फोटोतलं आकाश, खरं सांगतो, अप्रतिम होतं. त्याने ते अंगठ्याने पुढे ढकललं आणि चौपट उजेडाच्या फोटोवर थांबला. त्यात सूर्य नव्हता, ढग नव्हते, नुसता पांढरा पडदा. पण उंटाच्या गळ्यातलं गोरबंद कवडी न् कवडी दिसत होतं. "माँ ने बनाया है. ये वाला भेजना."

"अरे, पण यात आकाश कुठंय?"

"आसमान तो रोज है, साब."

मोट न बांधता तोच फोटो त्याला पाठवला. पैसे विचारले तर मान हलवली. फोटोचे काही नाहीत. उंट बसवायचे शंभर, चूप बसवायचे पन्नास वेगळे.